कोतवाल बुकातल्या सतरा मुली

१

सोमवारी सकाळी मामंजींनी संदर्भ खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, कोतवाल बुक काढून टेबलावर ठेवलं आणि दोन मिनिटांनी मला अशी हाक मारली की माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"पुष्पांजली, इकडं ये. हे पाय. माह्या डोयाले दिसून राह्यलं ते तुले दिसते काय?"

मामंजी म्हणजे शेषराव सोनुने, माझे सासरे. निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. देऊळघाटच्या पुढे सात किलोमीटरवरच्या आमच्या पळसगव्हाणात त्यांनी एकतीस वर्षं खपून एक खोली उभी केली आहे. लोकांना आपल्या घराण्याचा माग काढायचा असेल तर लागेल ते सगळं तिथे मिळतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या नकला, जुनी पेरेपत्रकं, भाटांच्या वह्यांवरून उतरवलेल्या वंशावळी, मोडी वाचायला शिकवणारी पुस्तकं. आणि मामंजींनी स्वतः केलेली 'नावसूची'. सात जाडजूड वह्या. गावातला कोण कोणाचा, कोणाला दिली, कुठून आणली आणि हे आपल्याला कोणी सांगितलं, सगळं त्यात अकारविल्हे लिहिलेलं.

पण खोलीचा खरा मान कोतवाल बुकाचा. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची नोंद पूर्वी त्यात होत असे. सरकारी प्रत तहसिलीत आहे. आमच्याकडची ही गावातली दुसरी प्रत, एका कोतवालाच्या घराने तीन पिढ्या पेटीत जपलेली.

मी वाकून पाहिलं. सन १९४४. पाटलाच्या टपोऱ्या बाळबोध अक्षरात रांगेने नोंदी. तारीख, बापाचं नाव, 'वल्द' लिहून त्याच्या बापाचं, जात आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. नोंद व्हायची बारशाच्या आधी, म्हणून लेकराचं नाव कोणाचंच नसे. मुलाचं नाव पुढे शाळेत घालताना कोणीतरी येऊन समासात लिहून घेई. मुलीसाठी कधी कोणी आलं नव्हतं.

आता मात्र 'मुलगी' या शब्दापुढे निळ्या बॉलपेनने नावं लिहिलेली होती. सोनकोर. चंफा. गोदी. भागीरथा. पान उलटलं, तिथेही तेच. ४४ आणि ४५ या दोन सालांत मिळून एकवीस मुली. त्यांतल्या सतरा जणींना नाव मिळालं होतं.

मामंजी खुर्चीवर बसले.

"ऐंशी वर्सं या कागदाले कोनी हात लावला नाई, पोरी. माह्याकडं आला अन् खराब झाला."

तेवढ्यात दारात काठी वाजली. पंजाबराव जवंजाळ आत येत होते.

२

पंजाबराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, शहात्तर वर्षांचे, आवाजाने आणि मनाने दोन्हीकडून मोठे. खोली त्यांच्याच जुन्या कापसाच्या गोदामात आहे आणि त्यांनी ती फुकट दिली आहे. गेलं वर्षभर ते आपल्या घराण्याची वंशावळ छापायच्या मागे होते. खामगावच्या छापखान्यात पुस्तक तयार होत होतं. येत्या रविवारी प्रकाशन, पाचशे पानं जेवणार.

त्यांनी चष्मा लावला. बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

"११ फेब्रुवारी १९४४. श्रीपत वल्द आनंदराव. मुलगी." त्यांनी चष्मा पुन्हा नीट बसवला. "सोनकोर? हे काय होय, गुरुजी? श्रीपत म्हंजे माहे वडील. आमी चार भाऊ. आमाले बहीन कदी नोती."

"नोंद तर जुनीच हाये, पंजाबराव. फक्त नाव..."

"मंग नोंद चुकली असन! दुसरा कोनी श्रीपत असन. पंधरा दिवसापयले मी या पानाचे फोटो घेतले, तवा इथं नाव नोतं. कोनं लिवलं?"

मामंजींनी मान खाली घातली. पंजाबराव त्यांच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"गुरुजी, तुमच्यावर माहा भरोसा हाये. पन उद्या कोनी म्हनन का या खोलीत कागद बदलतेत, तर इथून निंगालेली येकयेक नक्कल खोटी पडन. पोरायचे दाखले अडतीन. माह्या जागेत मी हे होऊ देनार नाई." ते दारापाशी गेले आणि वळले. "गुरुवारी दुपारपर्यंत सांगा कोनं केलं. नाई तर कुलूप लावतो. मनावर धोंडा ठेवून लावतो, पन लावतो."

ते गेल्यावर मामंजींनी कोतवाल बुक मिटलं. मग म्हणाले, "सिंधूताईले फोन लाव."

३

सिंधूताई तायडे बुलढाण्याला राहतात. एका सरकारी अभिलेख कक्षात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. मोडी तर त्या पेपर वाचल्यासारखी वाचतात. कागद नाकाशी धरून त्या त्याचं वय सांगतात, असं मामंजी कौतुकाने म्हणत. दोघांची ओळख एका मोडी शिबिरातली. तेव्हापासून दर दिवाळीला एकमेकांना फराळाऐवजी जुन्या कागदांच्या झेरॉक्स पाठवणारी ही माणसं.

मंगळवारी अकराच्या एसटीने त्या उतरल्या. बुटक्या, पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. पाणी प्यायल्या आणि थेट टेबलापाशी बसल्या. भिंग काढून त्यांनी एकवीसच्या एकवीस नोंदी पाहिल्या. मधे मी चहा दिला. तो निवला, मी दुसरा दिला, तोही निवला.

शेवटी त्या म्हणाल्या, "गुरुजी, ज्याले खोटं करायचं असते तो काळी शाई घेते. जुन्यासारखी दिसनारी. अन् आपल्या घरच्या येका नोंदीत घुसते. इथं तर निळं पेन हाये, दुकानातलं. सतरा नावं अन् सतरा घरं. जवंजाळाचंही हाये, सरदाराचंही, न्हाव्याचंही. याच्यात कोनाचा फायदा?"

"कोनाचाच नाई," मामंजी म्हणाले.

"तेच म्हनते मी. जानं लिवलं त्याले आपन चोरी करून राह्यलो असं वाटलंच नाई. आता मले सांगा, या पंधरा दिवसांत हे बुक कोनाच्या हाताशी होतं?"

मी भेटवही आणून दिली. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने त्यात सही करायची असा नियम आहे. पंजाबरावांच्या कामासाठी कोतवाल बुक ते पंधरा दिवस टेबलावरच होतं. त्या काळात तिघं जण आले होते. स्वतः पंजाबराव. त्यांच्या थोरल्या भावाची विधवा मनकर्णाबाई. आणि अश्वजित सरदार.

"मनकर्णाबाईले सोडा," मामंजी म्हणाले. "येक्याऐंशीच्या हायेत. दर गुरुवारी येतेत, पंख्याखाली वाती वळत बसतेत. मीच झोपाले जातो दुपारचा अन् त्यायच्या भरोशावर खोली सोडतो. अंगठेबहाद्दर बाई, त्या काय लिवतीन?"

"अन् अश्वजित?"

उत्तर मीच दिलं.

"ज्या कोतवालाच्या घरात हे बुक जपलं, त्यांचा तो पणतू. त्यानेच आणून दिलंय ते खोलीला."

४

अश्वजित एकोणतीस वर्षांचा. पीएचडी करतो, विषय आपल्याच गावाचा इतिहास. संध्याकाळी विहारात चार-पाच म्हाताऱ्या बायांना लिहायला-वाचायला शिकवतो. सिंधूताईंनी त्याला बोलावलं तेव्हा तो आला, नमस्कार केला, पान पाहिलं. त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच मिटला. मी समोरच होते, मला दोन्ही दिसलं.

"हे तू लिवलं काय?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाही."

"कोनं लिवलं ते माहीत हाये?"

त्याने बुक मिटून बाजूला सरकवलं.

"अरे, गुरुजीची खोली जाऊन राह्यली. येकतीस वर्सांचं काम."

"ताई, मी शब्द दिलाय. मला चोर म्हणा, चालेल. पण मी सांगणार नाही."

तो निघून गेला आणि तासाभरात ही गोष्ट पंजाबरावांच्या कानावर गेली. ते तरातरा आले.

"झालं ना मंग! त्याच्याच घरातलं बुक, त्याच्याच हातात पेन. अजून काय पायजे?" मग सिंधूताईंकडे बघून, जरा आवाज उतरवून म्हणाले, "ताई, राग मानू नका. पन तो तुमच्या समाजाचा पोरगा. तुमी त्याले वाचवसान असं लोक म्हनतीन."

मला वाटलं, बाई आता पिशवी उचलतात.

सिंधूताईंनी चष्मा पुसला. "पंजाबरावजी, तेहतीस वर्सं मी लोकायचे कागद सांभाळले. कोनाचा कागद हाये ते पाहून कदी काढला नाई अन् कदी दडवला नाई. त्यानं केलं असन तर गुरुवारी सगळ्यायच्या समोर मीच सांगन. आता त्याच्या हातचा येक कागद द्या मले."

मी अश्वजितच्या टिपणांची वही शोधून दिली. सिंधूताईंनी ती कोतवाल बुकाशेजारी ठेवली आणि भिंग पंजाबरावांच्याच हातात दिलं.

"पाहा. हा पोरगा शब्द पुरा लिवते अन् मंग वरची रेघ येका दमात ओढते. तुमी-आमी सगळे तसंच करतो. आता इथं पाहा. सोनकोर. चार अक्षरं, चार वेगळ्या रेघा. मधे फट. अन् पेन किती दाबलं ते मागच्या पानावर हात फिरवून पाहा."

पंजाबरावांनी पान उलटून बोट फिरवलं. मागून अक्षरं उमटलेली होती, एखाद्या आंधळ्यालाही वाचता यावीत इतकी.

"हे लिवनारा मानूस लिवाले नुकताच शिकला," सिंधूताई म्हणाल्या. "आयुष्यात पयल्यांदा शाईनं लिवत असन कदाचित."

"म्हंजे लहान लेकरू?" मी विचारलं.

"लेकराले ऐंशी वर्सापयलेच्या सतरा मुलींचे नावं कोनं सांगतले, पुष्पांजली?"

पंजाबरावांनी भिंग टेबलावर ठेवलं.

५

बुधवारी सिंधूताई आमच्याच घरी होत्या. सकाळी उठून पाहते तर त्या ओट्यावर कोतवाल बुकाच्या झेरॉक्स पसरून बसलेल्या.

"पोरी, आपन काल सतरा नावं पाहत बसलो. चुकलो. ज्या चार जनींले नाव मिळालं नाई त्या पाहाले पायजे होत्या."

त्यांनी चार ओळींवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. ९ ऑगस्ट १९४५. २१ ऑगस्ट. २ सप्टेंबर. १३ सप्टेंबर. चारही लागोपाठच्या. त्यांच्या आधीच्या सगळ्या मुलींना नाव होतं, नंतरच्या सगळ्यांनाही होतं.

"जो कोनी नावं सांगून राह्यला त्याले या सव्वा महिन्यातलंच तेवढं माहीत नाई. बाकी गावात कोनाच्याही घरी, कोन्याही जातीत पोरगी झाली तरी माहीत हाये. असं कोन असते गावात?"

मी विचार केला. पाटील? त्याला नाव कशाला माहीत असेल. भटजी सगळ्या घरी जात नसे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"सुईण!"

"हाव! अन् सुईन सव्वा महिना कामावर जात नाई ते कवा?"

मी उत्तर देण्याआधीच आम्ही दोघी हसायला लागलो होतो. तिचंच बाळंतपण असतं तेव्हा!

पहिली मोकळी ओळ होती ९ ऑगस्टची. 'लक्ष्मण वल्द रामजी. मुलगी.' आम्ही दोघी जवळजवळ पळतच खोलीत गेलो. मामंजींनी नावसूचीची सहावी वही काढली. ल. लक्ष्मण. लक्ष्मण रामजी हिवाळे. आणि पुढे मामंजींच्या बारीक अक्षरात नोंद होती: 'पत्नी देवकाबाई, गावची सुईण. मुलगी भिमाबाई, माहेरीच राहते. माहिती: स्वतः भिमाबाई, मार्च २००३.'

मामंजी आपल्याच अक्षराकडे बघत राहिले. "माह्याच वहीत होतं. अन् मी दोन दिवस रडत बसलो."

"तुमी लिवून ठेवलं म्हनून तर सापडलं, गुरुजी," सिंधूताई म्हणाल्या.

पण उत्तर अर्धंच होतं. भिमाबाई ऐंशी वर्षांची. दोन्ही डोळे गेलेले. गेल्या चार वर्षांत अंगणाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तिने नावं सांगितली असतील, पण लिहिली कोणी?

सिंधूताईंनी पुन्हा भेटवही ओढली. या वेळी त्या मागे मागे जात होत्या, महिन्यामागून महिना.

"गुरुजी, मनकर्णाबाई अंगठा देतेत म्हनले ना तुमी?"

"देतेत ना. हे पाहा."

"हे मे महिन्यापर्यंतचे. जूनपासून पाहा."

जूनपासून दर गुरुवारी मामंजींनी लिहिलेलं 'मनकर्णाबाई जवंजाळ' हे नाव होतं आणि पुढची जागा कोरी होती. अंगठा नाही. सहीही नाही.

सिंधूताई वही मिटत हळूच म्हणाल्या, "ज्याले लिवता याले लागलं, त्याले अंगठा द्याची लाज वाटते. अन् सही कराची भीती."

६

गुरुवारी दुपारी खोलीत आम्ही सगळे होतो. पंजाबराव कुलूप खिशात घालून आले होते. अश्वजित दाराशी उभा होता. मनकर्णाबाई नेहमीसारख्या पंख्याखाली सतरंजीवर बसून वाती वळत होत्या. पाचवारी पातळ डोक्यावरून घेतलेलं, बोटं कापसात चाललेली.

सिंधूताईंनी निळं पेन, सुट्या रेघा, चार मोकळ्या ओळी आणि सुईण असं सगळं ओळीने सांगितलं. पंजाबराव ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेला आले.

"मंग लिवलं कोनं?"

सिंधूताईंनी त्यांना उत्तर दिलं नाही. पाठमोरं उभं राहून कपाटाकडे बघत त्यांनी सहज आवाजात हाक मारली. "ओ चंफाबाई."

"ओ?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

वात वळायची राहिली होती. सिंधूताई त्यांच्याजवळ जाऊन सतरंजीवर बसल्या.

"३० मार्च १९४४. गनपत वल्द तुकाराम. मुलगी. गुरुजीच्या नावसूचीत तुमच्या बापाचं हेच नाव हाये. तुमचंच ना बाई? लग्नात मनकर्णा ठेवलं असन."

"नवऱ्यानं ठेवलं." मनकर्णाबाईंचा आवाज अगदी बारीक होता. "माहेर-सासर येकाच गावात, मधात येक मारोतीचं देऊळ. पन ते वलांडलं अन् चंफा गेली. आता येक भिमीच म्हनते मले चंफे. लहानपनापासून आमी दोघी. तिच्या आईच्या हातचीच मी."

"वहिनी?" पंजाबराव उठून उभे राहिले. "तुमाले लिवता येते?"

"आता येते. जूनपासून जातो विहारात. या लेकराले मी शपथ घातली होती का घरी सांगू नको." त्यांनी अश्वजितकडे पाहिलं. "सुना हासतीन म्हनून. या वयात बुढी पाटी घेऊन चालली म्हनतीन. म्हनून सांगतलं नाई."

"पन या बुकात काऊन लिवलं?"

मनकर्णाबाईंनी पदराने नाक पुसलं. "मी गुरुजीले म्हनलं होतं येकडाव, माही नोंद वाचून दाखवा. त्यायनं वाचली. गनपत वल्द तुकाराम, मुलगी. मी म्हनलं नाव? ते म्हनले, नाव नाई बाई, मुलगी येवढंच हाये. ते काय करतीन, जे हाये ते वाचलं त्यायनं. पन घरी गेलो अन् मले जेवन गेलं नाई. भिमीले सांगतलं. ते म्हनली, आईनं तर सगळ्यायचे नावं गाऊन ठेवले, मले पाठ हायेत. मंग म्या म्हनलं, तू सांग, मी लिवतो. तिच्याकडून पाठ करो अन् इथं येऊन लिवो. माहं साल अन् तिचं साल, तेवढ्याले दोन गुरुवार लागले." त्या मामंजींकडे वळल्या. "गुरुजी, तुमच्या कागदाले हात लावला, माफी करा. मले वाटलं जागा कोरी हाये, कोनं भराचीच राह्यली असन."

मामंजींनी त्यांच्यापुढे हात जोडले.

पंजाबरावांनी मात्र टेबलाचा आधार घेतला. एकच गोष्ट त्यांना विचारायची होती.

"वहिनी, सोनकोर कोन होती?"

७

भिमाबाईचं घर गावाच्या पूर्वेला, विहाराच्या मागे. पंजाबराव तिथे चालत आले. शहात्तर वर्षांत या अंगणात आपण पहिल्यांदाच येतोय, असं त्यांनी वाटेत मला सांगितलं.

भिमाबाई बाजेवर बसली होती. मनकर्णाबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

"पकडली गेली ना, चंफे?" ती खळखळून हसली. "म्या म्हनलं होतं तुले, पेन्शिलीनं लिव!"

मग पंजाबराव आलेत असं कळल्यावर तिने अंदाजाने हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि तिच्याच बाजेच्या कडेला बसले.

"माही आई लेकरू हाती आलं का त्याच्या कानात नाव सांगे," भिमाबाई म्हणाली. "घरचे बारशाले कोनतंही ठेवोत, तिचं आधी. अन् जात्यावर बसली का ओवीत गुंफे. पोरीयचेच. म्हने, पोरायचे लिवनारे लय हायेत. माह्या टायमाले ते सोताच बाजेवर होती, म्हनून माहं नाव ओवीत नाई अन् म्या ते लिवूही देलं नाई."

ती जरा पुढेमागे झुलली, जणू हातात जात्याचा खुंटा आहे, आणि चिरक्या आवाजात म्हणाली,

"शिरपतच्या दारी बाई, सोनकोर उतरली,
बारा दिसांची पाव्हनी, बाराव्याले परतली."

पंजाबरावांनी डोळे मिटले.

"बारशाच्या दिशीच गेली," भिमाबाई म्हणाली. "सकाळी पाळना बांधला, दुपारी सोडला. तुमच्या आईनं मंग कदी तिचं नाव नाई काढलं. पन माही आई सांगे, दर फेब्रुवारीत तुमची आई तिच्याकडं येऊन बसे. काई बोले नाई. जात्याजवळ बसे अन् ही ओवी आयकून जाये."

"कुठं चालली म्हनून इचारलं तर सुपडं आनाले जातो म्हने," पंजाबराव हळूच म्हणाले. "मी लहान होतो. घरात पाच सुपडे होते, तरी ते दरसाल सुपड्याले जाये." मग त्यांचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस भिमाबाईचा हात धरून मोठ्याने रडला आणि ती आंधळी बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परतताना त्यांनी रस्त्यातच छापखान्याला फोन लावला. "पुस्तक थांबवा. नाई, चुकी तुमची नाई. माही हाये. येक मानूस राह्यला. सगळ्याच बाया राह्यल्या, खरं तर."

अश्वजितच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "मी तुले चोर समजलो बे. मोठ्या मनानं सोड."

"सोडलं काका," तो म्हणाला. "पण तुमच्या पुस्तकातल्या बायांची यादी मी करून देणार."

खोलीत आल्यावर सिंधूताईंनी मात्र कोणाची गय केली नाही. "नोंदवहीत लिवनं चूकच, बाई. भावना खरी असली तरी कागद कागद हाये," असं त्यांनी मनकर्णाबाईंना स्पष्ट सांगितलं. मग कोतवाल बुकात एक चिठ्ठी जोडली: निळ्या शाईतली नावं मूळ नोंदीचा भाग नाहीत. आणि नवी वही काढून तिच्यावर लिहिलं, 'पुरवणी'. पहिल्या पानावर सतरा नावं, बापाची नावं, तारखा. सांगणार भिमाबाई लक्ष्मण हिवाळे. लिहिणार... तिथे त्यांनी पेन मनकर्णाबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी एकेक अक्षर काढलं, प्रत्येकाला त्याची वेगळी रेघ दिली. चंफा मनकर्णा जवंजाळ. एवढ्याला पाच मिनिटं लागली आणि आम्ही सगळे तिच्या पेनाकडे बघत उभे होतो. पंजाबरावांच्या खिशातलं कुलूप त्या गडबडीत खाली पडलं, ते त्यांनी उचलून माझ्याकडे दिलं. "कपाटाले लाव हे. जुनं गंजलं हाये."

ही गोष्ट कोणी सांगितली, कशी पसरली, कळलं नाही. तीन आठवड्यांनी सिंधूताई पुन्हा आलेल्या असताना दुपारच्या गाडीने एक अनोळखी बाई उतरली. सत्तरीची, हिरवं लुगडं, पायात मुलाच्या मोठ्या चपला. लोणारहून दोन एसट्या बदलून आली होती. दाराशी उभी राहून तिने विचारलं, "इथं लेकीबाळींची नावं लिहून घेतात म्हणे?"

"घेतात. या ना आत," मी म्हटलं.

ती आली नाही. उंबऱ्याबाहेरच पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माझी तुमच्या गावची नाही. आणि तीन दिवसांचीच होती. बावन्न वर्षं झाली. कुठंच कागद नाही तिचा. असली चालते का?"

सिंधूताईंनी पुरवणीचं नवं पान काढलं, वर लोणार असं लिहिलं आणि खुर्ची स्वतः उठून तिच्याकडे सरकवली.

"चालते बाई. बसा. नाव सांगा."

तिने पाणी घेतलं. दोनदा तोंड उघडून मिटलं. बावन्न वर्षांत हे नाव तिने कोणापुढे उच्चारलेलं नव्हतं, हे आम्हाला तिने सांगायची गरज पडली नाही.

"वैजयंता," ती म्हणाली.